उलार

परवा सकाळी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आम्ही दोघांनी एकाच शाळेत बावीस वर्षं काढली. तो गणित शिकवायचा, मी मराठी आणि इतिहास. त्याचा मुलगा अमेरिकेत असतो. तो आता कुटुंबाला घेऊन हिंडायला एक ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, घेतो आहे आणि ते ओढायला एक मोठा पिकअप ट्रक. पेट्रोल घ्यावा की डिझेल, यावरून घरात वाद चालला आहे. "तू त्या गाडीत बसून आला आहेस, तूच सांग," असं तो म्हणाला.

मला हसू आलं. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस. आयुष्यात सायकल आणि एक लुना याखेरीज वाहन चालवलेलं नाही. पण बसून आलो आहे हे मात्र खरं. त्या प्रवासात जे शिकलो ते फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहायला बसलो.

आमची मुलगी आणि जावई कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरजवळ राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे होतो. अंगणात जावईबापूंचा नवा ट्रक उभा होता. अमेरिकेत पिकअपचे साधारण दोन वर्ग असतात. एक नेहमीचा आणि दुसरा 'हेवी ड्यूटी', म्हणजे जड कामाचा. हा दुसऱ्या वर्गातला. इंजिन पेट्रोलचं. (तिकडे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. आमच्या सौ.नी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "सिलिंडर कुठे ठेवलाय?")

तो ट्रक पाहून माझ्यातला काटकसरी मास्तर जागा झाला. एका माणसाला कामावर जायला एवढं धूड कशाला? मी तसं बोलूनही दाखवलं. जावईबापू शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "बाबा, कामावर मी लहान गाडीनेच जातो. हा वर्षातून आठ-दहा वेळा ट्रेलर ओढायला."

शेजारी एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहत. त्यांचं वय माझ्याएवढंच. कुंपणापाशी उभे राहून ते मला रोज थोडं थोडं समजावून सांगत आणि मुलगी दुभाष्याचं काम करी. त्यांच्याकडून मला जे कळलं ते असं.

२०२० साली फोर्ड कंपनीने आपल्या जड ट्रकसाठी ७.३ लिटरचं नवं पेट्रोल इंजिन आणलं. ताकद ४३० अश्वशक्ती. त्याच ट्रकमध्ये मिळणारं ६.७ लिटरचं डिझेल इंजिन त्या साली ४७५ अश्वशक्तीचं होतं. म्हणजे फरक फारसा नाही. पण इंजिनाचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो पाहिला तर पेट्रोलचा ४७५ आणि डिझेलचा १०५० (पौंड-फूट या मापात). दुपटीहून जास्त. त्यामुळे चढावर डिझेल इंजिन सावकाश फिरत, धीम्या आवाजात ओझं वर नेतं. पेट्रोलला तेच काम करायला खालचा गियर घेऊन मिनिटाला चार-साडेचार हजार फेरे मारावे लागतात. ते ओरडतं. नवख्याला वाटतं, आता फुटणार. पण ते त्याच्यासाठीच बनवलेलं असतं.

दुसरी गोष्ट हवेची. साधं पेट्रोल इंजिन बाहेरची हवा आहे तशी आत ओढतं. उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद कमी होते. डेन्व्हर मुळातच समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. तिथून पश्चिमेला जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर जातो. तिथे पेट्रोल इंजिनाची सुमारे एक तृतीयांश ताकद गेलेली असते. डिझेलला टर्बो असतो, तो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून त्याला उंची फारशी जाणवत नाही.

आता कुणी म्हणेल, मग प्रश्न मिटला, डिझेलच घ्यावं. थांबा. तिकडे अशा ट्रकला डिझेल इंजिन हवं तर सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. माझ्या गणितवाल्या मित्रासाठी हिशेब मांडतो. समजा वर्षाला ३,००० मैल ट्रेलर ओढला. आम्हाला पेट्रोलवर गॅलनला जेमतेम ८ मैल मिळाले, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरसुद्धा नाहीत. ३,००० मैलांना ३७५ गॅलन झाले. डिझेल ११ मैल देईल असं धरू, म्हणजे सुमारे २७३ गॅलन. वाचले साधारण १०० गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर वर्षाचे साडेतीनशे डॉलर. दहा हजार वसूल व्हायला अठ्ठावीस वर्षं! शिवाय तिथे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग असतं, ते वेगळंच. डिझेलच्या धुरासाठी युरियाचं द्रावण भरा, काजळीची जाळी सांभाळा, हा व्यापही मागे लागतो. महिनाभर उभी राहणारी आणि मधूनच थोडी फिरणारी गाडी त्या जाळीला मानवतही नाही.

आणखी एक गंमत आहे, ती जाहिरातीत सांगत नाहीत. या वर्गातल्या पुष्कळ ट्रकांचं भरलेल्या अवस्थेतलं एकूण वजन १०,००० पौंडांवर, म्हणजे साधारण साडेचार हजार किलोंवर, बांधलेलं असतं. डिझेल इंजिन स्वतःच काहीशे पौंडांनी जड. ते वजन त्याच दहा हजारांतून वजा होतं. म्हणजे जास्त ओढू शकणारा डिझेल ट्रक स्वतःच्या पाठीवर मात्र पेट्रोलपेक्षा कमी वाहू शकतो!

हे सगळं ऐकून माझं मत झालं की जावयांनी विचार करूनच पेट्रोल घेतलं आहे. आणि इथेच माझी चूक सुरू झाली. आधी मी ट्रकला नावं ठेवत होतो, आता माझा त्याच्यावर नको इतका विश्वास बसला. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, हा ट्रक १३,००० पौंडांहून जास्त ओढतो. आमचा ट्रेलर त्याच्या मानाने पोरसवदा. मग काय, सामान भरायला मी पुढे! आठ दिवसांचा प्रवास, युटामधल्या मोआबपर्यंत जायचं. तांदळाचं पोतं, पिठाचे डबे, कुकर, सौ.ची लोणच्याची बरणी, पाण्याच्या बाटल्यांचे खोके. मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे." मी म्हणालो, "असू दे गं, हत्तीला मुंगीचं काय ओझं?" मागच्या दाराजवळ जागा होती, तिथे सगळं रचलं. ट्रेलरच्या मागच्या बाजूला दोन सायकली बांधल्या. पाण्याची टाकी गच्च भरून घेतली. ती पन्नास गॅलनची होती, म्हणजे जवळपास १९० किलो पाणी, आणि तीही ट्रेलरच्या चाकांच्या मागच्या अंगाला.

चढ व्यवस्थित पार पडला. इंजिन ओरडत होतं, उजव्या लेनने आम्ही मालट्रकांबरोबर सावकाश वर गेलो. बोगदा आला, बोगदा संपला. मी म्हणालो, "झालं! जिंकलो." शेजारच्या आजोबांनी हसू दाबलं असतं, पण ते सोबत नव्हते.

बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत मोठा उतार आहे. शंभर फुटांना सात फुटांपर्यंत. ज्यांचे ब्रेक जातील त्यांच्यासाठी बाजूला डोंगरावर चढणारे खडीचे रस्ते करून ठेवले आहेत. गाडी त्यात घालायची, ती खडीत रुतून थांबते. ते पाहिलं आणि माझं बोलणं थांबलं.

डिझेल ट्रकला धुराची वाट अडवून वेग रोखणारा एक वेगळा ब्रेक असतो. पेट्रोलला तो नसतो. खालचा गियर टाकून इंजिनालाच गाडी धरायला लावायची, हाच त्याचा उपाय. जावईबापूंनी तसं केलंही होतं. इंजिन पुन्हा ओरडू लागलं. तेवढ्यात डोंगराच्या खाचेतून वाऱ्याचा झोत आला आणि मागून कुणीतरी ट्रकला कमरेला धरून हलवावं तसं झालं. एकदा डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. ट्रेलरचं शेपूट डुलायला लागलं होतं. मागच्या सीटवर माझ्या शेजारी आठ वर्षांची नात बसली होती. तिने माझा हात धरला. काही बोलली नाही.

जावयांनी ट्रकचा ब्रेक दाबला नाही. मला वाटत होतं, दाबा, दाबा की! पण त्यांनी पाय पेडलवरून काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि शेजारची एक छोटी कळ दाबली. तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून ओढ बसली, ट्रेलर ताणला जाऊन सरळ झाला आणि डुलणं थांबलं. सगळं मिळून आठ-दहा सेकंदं. नंतर ते मला म्हणाले, "ट्रकचा ब्रेक मारला असता तर ट्रेलर मागून ढकलत आला असता आणि आपल्याला आडवं केलं असतं."

सिल्व्हरथॉर्नला पेट्रोल पंपावर गाडी थांबली. मी खाली उतरलो. पाय लटपटत होते. ट्रेलरच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि साठ वर्षांपूर्वीचा एक शब्द आपोआप तोंडून निघाला. उलार!

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो. बैलगाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की गाडी उलार होते. धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि जुपणीचा फास गळ्याला बसतो. माझे मामा वाईकडचे. पोती भरताना ते स्वतः उभे राहत. आधी पुढची पोती, मग मागची. भरून झालं की बैल जुंपण्याआधी जू हाताने उचलून बघत. अगदी हलकं लागलं तर उतरवा आणि पुन्हा रचा. उचलेचना तर बैलांची मान मोडेल, तेव्हा थोडं मागे घ्या. आम्ही पोरं कंटाळून जायचो. मामा म्हणायचे, "बैलात ताकद आहे रे, पण ती वापरायची कशी ते भरणाऱ्याच्या हातात."

तोच नियम तिकडे आकड्यांत सांगतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, ट्रकच्या आकड्यावर आला पाहिजे. कमी आला की ट्रेलर डुलणार. मामांचा हात आणि अमेरिकेतला तक्ता एकच सांगतात. आणि तो नियम लहानपणी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने मागच्या दाराशी पोती रचली होती! मी जावयांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "चूक माझी बाबा, चालवणारा मी. निघताना तपासायला हवं होतं." त्यांचा मोठेपणा. पण रचणारा मीच होतो.

तिथेच टाकीतलं पाणी सोडून दिलं. सायकली आणि खोकी ट्रकच्या पाठीवर आणली. पुढे महामार्गावरच्या एका ट्रक थांब्यावर वजनकाटा होता. आपल्याकडे साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या गाड्या ज्यावर चढतात तसाच, फक्त त्याचे तुकडे केलेले. त्यामुळे ट्रकच्या पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती आणि ट्रेलरच्या चाकांवर किती, हे वेगवेगळं कळतं. आधी जोडून आणि मग सोडून वजन केलं. ट्रेलर भरला ८,२४० पौंड, त्यातले १,०५० ट्रकच्या आकड्यावर. आता प्रमाण बरोबर होतं. ट्रेलरची स्वतःची मर्यादा ८,५०० ची. पण काढून घेतलेलं पाणी आणि सामान मिळवलं तर निघताना तो साधारण ८,९०० भरला असता! ट्रकची मर्यादा तेरा हजारांची, म्हणून मी निर्धास्त होतो. ट्रेलरची किती, हे मी विचारलंच नव्हतं.

मंडळी, मला जे सांगायचं आहे ते एवढंच. पेट्रोल की डिझेल हा प्रश्न खोटा नाही, पण तो पहिला नाही. जाहिरातीतला मोठा आकडा असतो 'किती ओढतो' याचा. तो ठरवण्याची एक प्रमाण पद्धत आहे. तीत ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणापासून वर जाणारा ११.४ मैलांचा चढ भरउन्हाळ्याच्या उष्म्यात ठराविक वेगाखाली न येता चढावा लागतो. पद्धत चांगलीच आहे. पण त्या हिशेबात ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी धरतात, प्रत्येकी १५० पौंडांचा. आमच्या ट्रकमध्ये पाच माणसं होती आणि माझ्या पिशव्या. म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटी पिवळी-पांढरी पट्टी चिकटवलेली असते, ती वाचावी. माणसं आणि सामान मिळून किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरचा आकड्यावर येणारा भारसुद्धा त्यातच मोजायचा. ट्रकची ओढ, ट्रकची पाठ, ट्रेलरची मर्यादा, या सगळ्यांत जो आकडा सर्वांत आधी संपतो तोच आपला आकडा. बाकीचे कितीही मोठे असोत.

आणि दुसरं, चढापेक्षा उताराचा विचार जास्त करावा. चढावर ताकद कमी पडली तर काय होतं? वेळ लागतो. मागचा हॉर्न वाजवतो. एवढंच. उतारावर चुकलं तर दुसरी संधी मिळेलच असं नाही. त्याच महामार्गावर, याच डोंगरातून डेन्व्हरकडे उतरताना, एप्रिल २०१९ मध्ये लेकवुड इथे एका मालट्रकचे ब्रेक गेले. खडीचा रस्ता मागे राहून गेला होता. खाली रहदारी तुंबलेली. चार माणसं गेली. तो आमच्यासारखा पिकअप नव्हता, कितीतरी मोठा ट्रक होता, पण उतार तोच. आपल्याकडे पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना काय काय झालं आहे, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको. चार पैशांचं डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा! जुने एस. टी. ड्रायव्हर सांगत, ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा. पेट्रोलचा ट्रक घेणाऱ्याने तर हे वाक्य समोर लिहून ठेवावं. त्याच्यापाशी तो धुराचा ब्रेक नाही, म्हणून त्याला लवकर गियर उतरवावा लागतो, ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ दाबून सोडावा लागतो आणि मुळातच सावकाश जावं लागतं. ही गाडीची उणीव खरी. पण ती माणसाला सावध ठेवते, असंही मला वाटतं.

मी काही डिझेलच्या विरुद्ध नाही. आठवड्याला पंधरा हजार पौंडांचे घोडे, गवताचे गठ्ठे घेऊन डोंगर चढणाऱ्या-उतरणाऱ्या शेतकऱ्याने डिझेलच घ्यावं. त्याचे दहा हजार वसूल होतील आणि उतारावर त्याला त्याची गरजही आहे. पण वर्षातून आठ-दहा सुट्ट्यांना मुलाबाळांना घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला जड कामाचा पेट्रोल ट्रक पुरेसा आहे. कमी पडते ती त्याची ताकद नव्हे. कमी पडतं ते निघण्यापूर्वीचं अर्ध्या तासाचं आपलं मोजमाप. त्या दिवशी आमचं तेच कमी पडलं होतं. डिझेल असतं तरी तो ट्रेलर उलारच असता आणि वाऱ्यावर डुललाच असता.

परतीच्या वाटेवर डेन्व्हरकडे उतरताना ट्रकवाल्यांसाठी लावलेल्या पाट्या दिसल्या. नातीने एक वाचून दाखवली आणि मला मराठीत सांगितली, "आजोबा, लिहिलंय, तुम्ही अजून खाली पोचला नाहीत." उतार संपल्यासारखा वाटतो, पण अजून दीड मैल बाकी असतो, म्हणून ती पाटी. मी 'जिंकलो' म्हणालो होतो ते आठवलं आणि गप्प बसलो.

मित्राला संध्याकाळी फोन करून सांगितलं, मुलाला म्हणावं पेट्रोल घे, हरकत नाही. पण आधी ट्रेलर भरून काट्यावर घाल. आणि सामान भरताना सासऱ्याला मदतीला बोलवू नकोस.

तो म्हणाला, "अरे, त्याचा सासरा नाही, मीच जाणार आहे."

मग म्हटलं, तूच जू उचलून बघ.